मदत हवी आहे: अमेरिकी निवडणुकीचा अंदाज बांधताना राज्याराज्यांतल्या चुका एकत्र कशा धरायच्या?

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी साताऱ्यात पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. यंदा तृतीय वर्षाच्या एका गटाने प्रकल्पासाठी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज हा विषय घेतला आहे. आपल्याकडची निवडणूक का नाही, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. तिथे राज्याराज्याच्या जनमत चाचण्या वेगळ्या प्रसिद्ध होतात आणि तारीख, नमुन्याचा आकार, प्रश्न कसा विचारला, हे सगळं सोबत मिळतं. आपल्याकडे बहुतेकदा हाती पडतो तो नुसता जागांचा आकडा.

मुलांनी २०१६, २०२० आणि २०२४ च्या शेवटच्या आठवड्यांतल्या राज्यवार चाचण्या गोळा केल्या. प्रत्येक राज्याची सरासरी काढली, नमुन्यावरून प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे सरासरीत येणारी चूक) काढली आणि संगणकावर हजारो वेळा निवडणूक घडवून राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी विजयाला लागणारा २७० चा आकडा कोण किती वेळा गाठतं ते मोजलं. २०१६ साठी उत्तर आलं, क्लिंटन यांचा विजय जवळजवळ नक्की. प्रत्यक्षात ट्रम्प जिंकले. निकाल फिरवणारी विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्यं त्यांनी तिन्ही मिळून ७८ हजारांहून कमी मतांच्या फरकाने घेतली.

मुलं म्हणतात, "मॅडम, चाचण्याच चुकल्या, त्याला आमचं गणित काय करणार?" मला हे पटत नाही. साधारण त्याच चाचण्या हाताशी असताना फाइव्हथर्टीएट या निवडणूक-अंदाजाच्या संकेतस्थळाने ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के शक्यता दिली होती आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या सॅम वांग यांच्या गणितात क्लिंटन ९९ टक्क्यांवर होत्या. माहिती तीच, मग एवढी तफावत कुठून आली?

मला वाटतं, गाठ इथे आहे: मुलांनी प्रत्येक राज्याची चूक स्वतंत्र धरली आहे. समजा तीन राज्यांत मागे असलेल्या उमेदवाराला प्रत्येकी २० टक्के संधी आहे. राज्यं स्वतंत्र असतील तर तिन्ही एकदम जिंकण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. पण चाचण्या तिन्हीकडे एकाच कारणाने चुकणार असतील तर तीच शक्यता थेट २० टक्क्यांच्या जवळ जाते. २०२४ च्या लोकसभेला आपल्या एक्झिट पोलांचं हेच झालं. बहुतेकांनी रालोआला ३५० च्या पुढे नेलं, मिळाल्या २९३. डझनभर पोल होते, पण चूक सगळ्यांची एकाच बाजूला.

आता अडचण अशी की ही सामायिक चूक किती मोठी धरायची? १९४८ पासून मोजलं तरी अध्यक्षीय निवडणुका २० च होतात आणि राज्यवार चाचण्या भरपूर आहेत अशा तर त्याहून कितीतरी कमी. एवढ्याशा माहितीतून ५० राज्यांचा सहसंबंध (कुणाची चूक कुणाबरोबर किती हलते ते) काढू म्हटलं तर आकडे नुसते नाचतात. दुसरा प्रश्न: २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही वेळी चाचण्यांनी ट्रम्प यांना कमी दाखवलं. मग प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीतून तेवढे टक्के आधीच वजा करावेत का? मुलांचा तसा आग्रह आहे. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मुलं खूप मनापासून राबत आहेत.

पुण्याचा_विमागणिती:

ताई, निदान अगदी बरोबर आहे. ५० राज्यांचा सहसंबंध माहितीतून काढायच्या फंदात पडू नका. चूक थरांत मांडा. पहिला थर देशभराचा: संगणकावरच्या प्रत्येक फेरीत एकच आकडा काढायचा आणि तो सगळ्या राज्यांना लावायचा. दुसरा विभागाचा, म्हणजे मिशिगन-विस्कॉन्सिन-पेनसिल्व्हेनिया एका गटात, ॲरिझोना-नेवाडा दुसऱ्यात. तिसरा त्या-त्या राज्याचा स्वतःचा.

सुरुवातीला आघाडीतल्या, म्हणजे दोन उमेदवारांतल्या फरकातल्या, चुकीचं प्रमाण विचलन (ती साधारण किती पसरते) या थरांसाठी अनुक्रमे ३, २ आणि ३ टक्के धरून बघा. वर्गांची बेरीज ९+४+९, म्हणजे २२, म्हणजे एकूण विचलन साधारण ४.७. एकाच विभागातल्या दोन राज्यांचा सहसंबंध आपोआप १३/२२, म्हणजे ०.५९ येतो. वेगळ्या विभागांतल्या राज्यांचा ९/२२, म्हणजे ०.४१. मुलांना हे फळ्यावर करून दाखवता येईल. हे तीन आकडे मी अनुभवाने सुचवतोय, ते बदलून उत्तर किती हलतं ते मुलांनी लिहायलाच हवं. देशभराच्या थराला प्रसामान्य वितरणाऐवजी जाड शेपटीचं, म्हणजे मोठ्या चुकांना जास्त वाव देणारं, टी-वितरण द्या.

आणि एक तपासा. १००० जणांच्या चाचणीत ±३ टक्के लिहितात ते एका उमेदवाराच्या टक्केवारीचं. दोघांतल्या फरकाला ते जवळजवळ दुप्पट होतं. मुलांनी आघाडीवर तोच ३ लावला असेल तर तिथेही अनिश्चितता कमी पडली असणार.

वजा करण्याबद्दल माझं स्पष्ट मत: करू नका. २०१२ मध्ये चूक उलट बाजूची होती, चाचण्यांनी ओबामांना कमी दाखवलं होतं. शिवाय चाचणी घेणारे हातावर हात ठेवून बसत नाहीत. २०१६ च्या राज्यवार चाचण्यांत पदवीधर मतदार प्रमाणाबाहेर आले होते आणि अनेकांनी शिक्षणानुसार भारांकन (उत्तरांना कमी-जास्त वजन देऊन नमुना मतदारांच्या प्रमाणात आणणं) केलं नव्हतं. पुढे ते केलं गेलं. तरी २०२० ला देशपातळीवरची चूक ४० वर्षांतली सर्वांत मोठी ठरली, मग २०२४ ला अनेकांनी 'मागच्या वेळी मत कुणाला दिलंत' यावरून भारांकन केलं. मोजपट्टीच दर वेळी बदलते, त्यामुळे मागची चूक पुढे जशीच्या तशी चालवता येत नाही. सामायिक थर रुंद ठेवा, मध्य शून्यावर राहू द्या.

फिलीकर:

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे अनोळखी क्रमांकाचा फोन कुणी उचलत नाही आणि सगळ्याचं मूळ तेच आहे असं मला वाटतं. प्यू या अमेरिकी जनमत-संशोधन संस्थेच्या दूरध्वनी चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ मध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. उरलेले ९४ या ६ जणांसारखेच मत देतील असं गृहीत धरून सगळा डोलारा उभा आहे. नमुना मोठा घेतला म्हणून हे सुटत नाही. १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली होती. त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार म्हटलं आणि रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली.

मुलांना सांगा, मतमोजणीच्या रात्रीचे अर्धवट आकडे गणितात घालू नका. आमच्याकडे टपाली मतं मतदानाच्या दिवसाआधी उघडताच येत नाहीत. २०२० मध्ये आधी ट्रम्प पुढे दिसत होते, टपाली मतं मोजत गेले तसे बायडेन वर आले आणि मंगळवारच्या मतदानाचा निकाल आम्हाला शनिवारी कळला.

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. थरांची मांडणी मुलांना लगेच कळली, आज प्रयोगशाळेतून उठायलाच तयार नव्हती. त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्यात. इतिहासकार ॲलन लिश्टमन यांच्या '१३ किल्ल्या', म्हणजे निकाल ठरवणारे १३ हो-नाही निकष, चाचण्यांशिवाय चालतात, मग त्या का वापरू नयेत? आणि सट्टाबाजाराचे भाव?

पुण्याचा_विमागणिती:

किल्ल्यांची कथा मुलांना जरूर सांगा. लिश्टमन यांनी ही पद्धत १९८१ मध्ये केलिस-बोरोक या रशियन भूकंपतज्ज्ञाबरोबर बसवली. सत्ताधारी पक्षाविरुद्ध सहा किंवा अधिक किल्ल्या गेल्या तर तो हरतो. २०२४ ला त्यांनी हॅरिस म्हटलं आणि ट्रम्प ३१२-२२६ ने जिंकले. पण एका चुकीपेक्षा माझा आक्षेप वेगळा आहे. उमेदवार 'करिष्म्याचा' आहे की नाही, हे दोन माणसं दोन तऱ्हांनी ठरवतील. प्रकल्पात ते टिकणार नाही. शिवाय उत्तर हो किंवा नाही एवढंच, शक्यता नाहीच.

सट्ट्याचे भाव तुलनेसाठी शेजारच्या रकान्यात ठेवा, गणितात मिसळू नका. ते लावणारेही याच चाचण्या वाचतात, तीच माहिती दोनदा मोजली जाईल.

आणि तपासणीसाठी ब्रायर गुणांक वापरा. दिलेली शक्यता आणि घडलेलं (० किंवा १) यांच्यातल्या फरकाच्या वर्गाची सरासरी. तीन निवडणुकांवरून काहीच ठरणार नाही, पण प्रत्येक राज्य धरलं तर दीडशे नोंदी होतात. मात्र त्या नोंदीही स्वतंत्र नाहीत, हे अहवालात लिहा. परीक्षक तेच विचारतील.

फिलीकर:

३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधीवर (अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर ठरलेली अमेरिकी संसदेची निवडणूक) प्रयोग करायचा विचार आहे का? दुसऱ्या महायुद्धानंतर १९९८ आणि २००२ सोडलं तर दर मध्यावधीत अध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात जागा गमावल्या आहेत. तरी २०२२ ला रिपब्लिकनांची 'लाल लाट' येणार म्हणत होते आणि रिपब्लिकन ४३५ पैकी जेमतेम २२२ जागांवर थांबले.

कृष्णाकाठ:

मुलांची तीच इच्छा आहे. पण ४३५ मतदारसंघ, आणि बहुतेक ठिकाणी चाचणीच नाही. तिथे आधार कशाचा घ्यायचा?

पुण्याचा_विमागणिती:

देशभरात 'कोणत्या पक्षाला मत द्याल' हे विचारलेल्या चाचण्यांची सरासरी घ्या. २०२४ च्या अध्यक्षीय निकालावरून प्रत्येक मतदारसंघाचा कल काढा आणि विद्यमान सदस्य उभा असेल तिथे थोडं झुकतं माप द्या. चुकीचे थर तेच. पण टेक्सासने २०२५ मध्ये मतदारसंघांचा नकाशा बदलला आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर कॅलिफोर्नियानेही. तेव्हा २०२४ ची मतं जुन्या हद्दींवर वाचू नका, नव्या हद्दींत बसवलेले आकडे शोधा. इतर राज्यांतही हेच तपासा. तक्ता तयार झाला की इथे टाका, मी रविवारी सवडीने बघतो.