शहराचं चार्टर तपासणाऱ्या नागरिक समितीवर वर्षभर बिनपगारी काम करावं का?

पाऊसगाव
ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या जवळच्या एका लहान शहरात आम्ही अकरा वर्षं राहतोय. गेल्या आठवड्यात शेजारच्या आजी आल्या आणि हातात कागद ठेवून गेल्या. शहराच्या चार्टरचा आढावा घ्यायला समिती नेमायची आहे, तू अर्ज भर म्हणाल्या. चार्टर म्हणजे शहराची घटनाच म्हणा. महापौराला अधिकार किती, नगरसेवक किती, ते प्रभागातून निवडायचे की सगळ्या शहरातून, प्रशासकाला कोण नेमणार आणि कोण काढणार, हे सगळं त्यात असतं. समितीवर साधे रहिवासी असतात. मानधन नाही. महिन्यातून दोन संध्याकाळी, वर्षभर.

माझं मत आधीच सांगते. आपल्या लोकांनी अशा कामाला जायला हवं. आपण इथे गणपती बसवतो, शनिवार-रविवारची मराठी शाळा चालवतो, त्यासाठी रात्री जागतो. पण ज्या गावात घरपट्टी भरतो, तिथले नियम लिहिताना आपल्यातलं कुणी बसलेलं नसतं.

पोर्टलंडचंच बघा. १९१३ पासून तिथे नगरसेवकच खाती सांभाळायचे, एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे रस्ते. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत ही पद्धत शेवटी एकट्या पोर्टलंडमध्ये उरली होती. २००७ मध्ये मतदारांनी ती बदलायला नकार दिला, पण त्याच वर्षी दर दहा वर्षांत निदान एकदा २० नागरिकांची चार्टर समिती बसवायची, याला मान्यता दिली. पुढे अशाच एका समितीने सगळा ढाचा बदलायचा प्रस्ताव दिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५८ टक्के लोकांनी तो मंजूर केला. आता चार प्रभाग, प्रत्येकी तीन असे १२ नगरसेवक, आणि रोजचा कारभार बघायला प्रशासक. हे घडवणारे लोक निवडून आलेले नव्हते, संध्याकाळी कामावरून येऊन बसणारे होते.

तुम्हाला काय वाटतं?

कर्वेरोड
मला हे पटत नाही, आणि का ते मोकळेपणाने लिहितो. मी आमच्या भागातल्या मोहल्ला कमिटीला दोन वर्षं नेमाने गेलो. फुटपाथवरच्या खांबांचा प्रश्न होता, आम्ही फोटो काढले, मोजमापं घेतली. उत्तर एकच, ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे.’ तिसऱ्या बैठकीत कळलं की रस्त्याचं टेंडर आमच्या पहिल्या बैठकीच्या आधीच निघालं होतं. इतिवृत्तात आमची नावं मात्र होती, ‘नागरिकांशी चर्चा करून’ या शब्दांखाली. तेव्हापासून नागरिक समिती म्हटलं की मला तो कागद आठवतो. ठरवायचं त्यांनी आणि सह्या आपल्या. तिकडेही माणसं तीच असणार.

शिवाय एवढा वेळ असेल तर तो गावाकडच्या ग्रामसभेला द्या. सुट्टीत येता तेव्हा तरी जाऊन बसा.

मधुमालती
मी अशा समितीवर होते, वेगळ्या राज्यात, चौदा महिने. म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

पहिले तीन महिने नुसतं वाचन. जुनं चार्टर कलमवार वाचायचं, शहराचा वकील समजावतो, आपण प्रश्न विचारायचे. मला लाज वाटायची, कारण इंग्रजी येतं पण ही इंग्रजी येत नव्हती. मग एका संध्याकाळी एका वाक्यावर गाडी अडली. चार्टरमध्ये होतं की अर्थसंकल्पावर शहर जाहीर सुनावणी ‘घेऊ शकेल’. आमच्यातल्या निवृत्त बसचालकांनी विचारलं, घेऊ शकेल म्हणजे नाही घेतली तरी चालेल? वकील म्हणाले, चालेल. तिथे ‘मे’ होतं, त्याचं ‘शॅल’ करायला आम्हाला दोन बैठका लागल्या. शहराच्या बाजूचे लोक म्हणत होते की असं बांधून घेऊ नका, कधी पूर येतो, कधी आग लागते. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी ‘घेईल’ असं केलं आणि आणीबाणीसाठी तीस दिवसांची सूट ठेवली. एक शब्द बदलला. पुढच्या वर्षी त्या सुनावणीला मी मागच्या रांगेत बसले होते. एक व्हिएतनामी बाई दुभाष्याला घेऊन आल्या होत्या, त्यांच्या गल्लीत दिवे नव्हते. तीन मिनिटांची वेळ होती आणि भाषांतरात निम्मी गेली. अध्यक्षांनी त्यांना आणखी तीन मिनिटं दिली. ती सुनावणी आता टाळता येत नाही, कारण तसं लिहिलंय.

कर्वेरोड, तुमचा अनुभव खरा आहे. पण मोहल्ला कमिटी सूचना देते. आमचा मसुदा मतपत्रिकेवर गेला आणि लोकांनी मत दिलं. फरक इथे आहे.

अडचणी पण सांगते. मुलं लहान असतील तर ओढाताण होते. आणि समितीत नोकरदार, घरमालक, गोरे, पन्नाशीपुढचे लोकच जास्त भरतात, कारण त्यांनाच संध्याकाळ मोकळी मिळते. दोन पाळ्यांत काम करणारा माणूस येत नाही.

विलामेटकाठ
मी पोर्टलंडमध्येच राहतो आणि २०२२ मध्ये ‘नाही’ला मत दिलं होतं. पाऊसगाव, तुम्ही चांगली बाजू तेवढी मांडलीत.

त्या २० जणांना निवडलं कोणी? नगर परिषदेनेच. आणि २० पैकी १५ जण एकमत झाले की प्रस्ताव परिषदेकडे न जाता सरळ मतपत्रिकेवर जातो. इथे १७ विरुद्ध ३ झालं. म्हणजे लोकांनी न निवडलेल्या माणसांच्या हातात, निवडलेल्यांना वळसा घालायची ताकद. ही मला धोक्याची वाटते.

दुसरं, त्यांनी तीन मोठे बदल एकाच प्रश्नात बांधले. प्रशासक, प्रभाग आणि पसंतीक्रमाचं मतदान (उमेदवारांना पहिला, दुसरा असा क्रम लावायचा), घ्या तर सगळं, नाहीतर काहीच नाही. मला प्रशासक हवा होता, बाकीचं नको होतं. काही लोक कोर्टातही गेले, कोर्टाने ते मानलं नाही. कायद्याने चालतं म्हणून योग्य ठरतं असं नाही. १२ ही सम संख्या ठेवल्याचा परिणाम जानेवारी २०२५ मध्ये दिसला. परिषदेचा अध्यक्ष निवडताना फेरीमागून फेरी ६-६ अशीच अडकली. स्वयंसेवक घरी गेले, निस्तरायचं शहराने.

गिरगाव जुने
कर्वेरोड यांना एक विचारतो. पुण्यात एका प्रभागात नगरसेवक किती हे कोणी ठरवलं? २०१२ ला दोन, २०१७ ला चार, मग सरकार बदललं तसा तीनचा निर्णय, पुन्हा सरकार बदललं तसा तो फिरवून परत चार. पुणेकराला एकदाही विचारलं नाही. आपल्या शहरांना स्वतःचं चार्टर नाहीच, विधानसभेचा कायदा आहे. मुंबईचा १८८८ चा. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, त्यात प्रभाग समित्या आल्या. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभाही, म्हणजे एकेका भागातल्या मतदारांच्या सभा, कायद्यात घातल्या. तुमच्या भागात एकदा तरी भरली का? आणि मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबई-पुण्यात नगरसेवकच नव्हते, सरकारने नेमलेला प्रशासक होता.

पोर्टलंडमध्येही एका प्रभागात तीन आहेत, पण मत एकच, सहा नावांपर्यंत क्रम लावायचा, आणि पाव मतांच्या वर गेला तो निवडून आला. त्यामुळे अल्पसंख्य गटालाही एक जागा मिळू शकते. आपल्याकडे अ, ब, क, ड अशी चार बटणं, चारही जागा बहुधा एकाच पॅनलला. दोन्हीकडे बहुसदस्यीय प्रभागच, पण एक नागरिकांनी बसून, भांडून, मत घेऊन ठरवला. मला तो हक्क हवा आहे. इथे मिळत नाही म्हणून तिथे मिळतोय त्याने सोडून द्यावा, हे माझ्या गळी उतरत नाही.

कर्वेरोड
प्रभागांचं बरोबर आहे, त्यावर मला उत्तर नाही. ग्रामसभेचं म्हणणं मात्र मागे घेत नाही.

पाऊसगाव
कर्वेरोड, डिसेंबरात सासरी जातोय, ग्रामसभा कधी आहे ते आजच विचारते.

विलामेटकाठ, एकत्र बांधलेल्या प्रश्नाचं तुमचं म्हणणं मला पटलं. काल रात्री अर्ज भरला. ‘समितीकडून तुमची काय अपेक्षा आहे’ या रकान्यात लिहिलं की प्रत्येक मोठा बदल मतदारांसमोर वेगळा ठेवावा, आणि बैठकांच्या वेळी मुलं सांभाळायची सोय शहराने करावी, म्हणजे मधुमालती म्हणतात तो दोन पाळ्यांतला माणूसही येऊ शकेल.

विलामेटकाठ
नेमणूक झाली तर बैठकांच्या तारखा इथे टाका. जाहीर सुनावणीला मी येईन. वीस लोकांच्या ताकदीबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण प्रश्न वेगळे ठेवण्यासाठी माझी तीन मिनिटं तुमच्या बाजूने.