‘ओपन अ‍ॅक्सेस’ला मराठीत काय म्हणावे : मुक्त प्रवेश, खुला प्रवेश की मुक्तद्वार?

प्रश्न

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. पीएच.डी.चे प्रबंध आणि प्राध्यापकांचे शोधनिबंध कोणालाही वाचता यावेत अशा रीतीने संकेतस्थळावर ठेवायचे, असे धोरण आमच्याकडे ठरले असून त्याचा मराठी मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘ओपन अ‍ॅक्सेस’साठी मी सरळ ‘मुक्त प्रवेश’ असे लिहिले. मसुदा टंकलिखित करणाऱ्या लिपिकाने मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की हा प्रवेश कोणत्या अभ्यासक्रमाचा आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. त्यांना हसण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या कागदावर ‘प्रवेश’ हा शब्द दिसला की त्याचा दुसरा अर्थ लावणारा माणूस मला भेटलेला नाही. ‘खुला प्रवेश’ लिहून पाहिले, तर तो ‘खुल्या प्रवर्गातील प्रवेश’ असा वाचला जाण्याची भीती वाटते. या संकल्पनेसाठी मराठीत एखादा रुळलेला शब्द आहे का, आणि नसल्यास कोणता चालवावा?

उत्तर : एक अनुवादक

आपल्या लिपिकाने नेमकी अडचण दाखवली आहे. दोष ‘मुक्त’मध्ये नसून ‘प्रवेश’मध्ये आहे. मराठीत प्रवेश म्हणजे माणसाने कोठेतरी आत जाणे: महाविद्यालयात, मंदिरात, राजकीय पक्षात, नाटकात तर तो अंकाचा भाग होतो. इंग्रजी शब्दात मात्र आत जाण्यापेक्षा एखादी वस्तू हाताला लागण्याचा अर्थ अधिक आहे. शोधनिबंधात कोणी प्रवेश करत नाही, तो आपल्याला मिळतो किंवा मिळत नाही.

‘मुक्त’ हा शब्द शिक्षणक्षेत्रात चांगला रुळला आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, आणि ‘मुक्त ज्ञानकोश’ हा शब्द मराठी विकिपीडियाने घरोघरी नेला. त्यामुळे तो टाळण्याचे कारण दिसत नाही. मात्र हा शब्द समासात कोठे बसतो याची काळजी घ्यावी लागते. तो शेवटी आला की ‘च्यापासून सुटलेला’ असा अर्थ होतो: कर्जमुक्त, टोलमुक्त, व्यसनमुक्त. ‘प्रवेशमुक्त प्रबंध’ असे कोणी चुकून लिहिले, तर जेथे कोणालाच जाता येत नाही असा प्रबंध डोळ्यांपुढे येईल. आधी आला की बहुधा बहुव्रीही समास होतो: मुक्तहस्त, मुक्तकंठ, मुक्तछंद. या रांगेत शोभेल असा शब्द शोधावा, असे मला वाटते. ‘मुक्तलभ्य’ असा एक शब्द मी स्वतः करून पाहिला होता. अर्थ बरोबर, पण तो तोंडात रुळत नाही आणि औषधाच्या बाटलीवरचा वाटतो.

‘मोफत’ आणि ‘विनामूल्य’ हे दोन्ही शब्द येथे अपुरे आहेत. त्यांतून फक्त पैशाचा प्रश्न सुटतो. निबंध फुकट वाचता आला, तरी त्यातील आकृती पाठ्यपुस्तकात वापरता येईल का, त्याचा मराठी अनुवाद छापता येईल का, या प्रश्नांना ‘मोफत’ काहीच उत्तर देत नाही.

उत्तर : ग्रंथालयशास्त्राच्या निवृत्त अध्यापिका

आपण शोधत असलेला शब्द ग्रंथालयात आधीपासून आहे, फक्त तो दुसऱ्या कामाला लावलेला आहे. ‘ओपन अ‍ॅक्सेस’ ही संज्ञा महाजालाच्या कितीतरी आधीची आहे. वाचकाने चिठ्ठी लिहून खिडकीत द्यायची आणि शिपायाने आतून पुस्तक आणून द्यायचे, ही जुनी रीत; तिच्याऐवजी वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ द्यायचे, या पद्धतीला इंग्रजीत तेच नाव होते. लंडनच्या क्लर्कनवेल भागातील सार्वजनिक ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन यांनी 1894 मध्ये ती सुरू केली, तेव्हा पुस्तके चोरीला जातील, विस्कटतील, असा मोठा ओरडा झाला. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ या तिसऱ्या सूत्राखाली या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केलेला आहे. कारण जे पुस्तक मागण्याचे वाचकाच्या मनातही नसते, ते कपाटासमोर उभे राहिल्यावरच त्याला सापडते. या पद्धतीला आम्ही वर्गात ‘मुक्तद्वार पद्धती’ म्हणत असू, आणि तिच्या उलट ती ‘बंदिस्त पद्धती’.

‘मुक्तद्वार’ हा ‘मुक्तहस्त’च्या जातीचाच समास आहे: ज्याचे दार मोकळे आहे ते. शिवाय तो ग्रंथालयात जन्मलेला नाही. मुक्तद्वार भोजन, मुक्तद्वार अन्नछत्र हे शब्द मराठीत चांगले परिचयाचे आहेत, आणि त्यांत ‘तू कोण, कोठला’ असे पंक्तीत बसणाऱ्याला न विचारण्याचा भाव आहे. आपल्या धोरणाचा गाभा तोच आहे. वाचक विद्यापीठाचा विद्यार्थी आहे की गडहिंग्लजचा निवृत्त शिक्षक, हे दारावर विचारायचे नाही.

विचारले जाते तेव्हा काय होते, याचे ताजे उदाहरण देते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही शोधनियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा व्याप आहे. लहान गावांतील सरकारी महाविद्यालयांना याचा फार मोठा लाभ होणार, यात शंका नाही. परंतु ती मुक्तद्वार योजना म्हणून सांगितली जाते तेव्हा मला शब्दाचा गैरवापर वाटतो. ही वर्गणी आहे, फक्त सगळ्यांची मिळून एकाने भरलेली. पंगत मोठी झाली, पण दारावर यादी घेऊन माणूस बसलेलाच आहे. खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचे किंवा घरी बसून संशोधन करणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही.

उत्तर : एक संशोधक (पदार्थविज्ञान)

आमच्या विषयात 1991 पासून ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर निबंधांच्या पूर्वप्रती, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीच्या प्रती, ठेवल्या जातात आणि आम्ही सगळे ‘ओपन अ‍ॅक्सेस’च म्हणतो. तोच शब्द देवनागरीत लिहावा, कोणाचे अडणार नाही.

उत्तर : पुन्हा अनुवादक

आपल्या विषयात अडणार नाही, हे खरे. पण हे धोरण प्रबंध सादर करणाऱ्या मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना सही करण्यापूर्वी वाचायचे आहे. आपण कशाला संमती देत आहोत ते त्यांना शब्दावरूनच कळले पाहिजे.

‘मुक्तद्वार’ मला आवडला, तरी बाईंच्या उपमेतच त्याची मर्यादाही आहे. मुक्तद्वार भोजनात पोटभर जेवता येते, डबा भरून घरी नेता येत नाही. संशोधनाच्या बाबतीत डबा नेण्याचाच प्रश्न महत्त्वाचा आहे. याच विषयावर बुडापेस्ट येथे झालेल्या बैठकीनंतर 14 फेब्रुवारी 2002 रोजी जो जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि ज्याने ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ केली, त्यात केवळ वाचण्याची मोकळीक नाही. निबंध उतरवून घेणे, त्याच्या प्रती काढणे, वाटणे, छापणे, त्यात शोध घेणे, संगणकाला विदा (डेटा) म्हणून पुरवणे आणि इतर कोणत्याही कायदेशीर कामासाठी वापरणे, हे सारे आर्थिक, कायदेशीर वा तांत्रिक अडसराशिवाय करता यावे, असे तेथे म्हटले आहे. लेखकाकडे हक्क उरतो तो आपल्या लेखनाची मोडतोड होऊ न देण्याचा आणि योग्य श्रेय मिळण्याचा. इंग्रजीतही हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून घोळ होऊ लागला, म्हणून 2008 मध्ये पीटर सुबर आणि स्टीव्हन हार्नाड या चळवळीतील दोन अभ्यासकांनी केवळ निःशुल्क वाचन आणि वापराच्या मोकळिकीसह वाचन यांच्यासाठी ‘ग्राटिस’ आणि ‘लिब्रे’ अशी वेगळी विशेषणे सुचवली. आपण ही चूक पुन्हा करून मग दुरुस्ती का करावी?

म्हणून माझी सूचना अशी, की दार एका शब्दात आणि डबा दुसऱ्या शब्दात सांगावा: जे फक्त वाचता येते ते ‘मुक्तद्वार’, आणि जे नाव देऊन पुढे वापरताही येते ते ‘मुक्तद्वार व मुक्तवापर’. ‘प्रताधिकारमुक्त’ हा शब्द मात्र येथे कटाक्षाने टाळावा. तो ज्या लेखनाची प्रताधिकाराची (कॉपीराइटची) मुदत संपली आहे त्याच्यासाठी आहे; आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे मोजतात. विद्यार्थ्याचा प्रबंध मुक्तद्वार झाला तरी प्रताधिकार त्याचाच राहतो. मराठी पुस्तकांत ‘सर्व हक्क लेखकाधीन’ ही ओळ आपण पिढ्यानपिढ्या वाचत आलो आहोत. ‘मुक्त’ म्हटले की ती ओळच पुसली गेली, असे लोकांना वाटते, आणि तेथून मार्गदर्शकांचा विरोध सुरू होतो.

उत्तर : ग्रंथालयशास्त्राच्या निवृत्त अध्यापिका

‘तांत्रिक अडसर’ या शब्दांपाशी थोडे थांबावे, असे मला सुचवायचे आहे, कारण मराठी प्रबंधांचे खरे दुखणे तेथेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधभांडारात जमा होऊ लागल्या. हे नाव सुचवणाऱ्याचे कौतुक करावेसे वाटते. संशोधनाचे संकल्पित आराखडे जेथे ठेवतात त्या भांडाराला ‘शोधगंगोत्री’ म्हणतात. मराठीतील अनेक प्रबंध तेथे आहेत आणि कोणीही ते उघडू शकतो. पण त्यांतले पुष्कळसे युनिकोड ही सर्व संगणकांना कळणारी अक्षरसंकेत पद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेले आहेत किंवा कागदावरून स्कॅन केलेले आहेत. पडद्यावर अक्षर सुरेख दिसते, मात्र ‘वारकरी’ हा शब्द शोधावा तर एकही नोंद मिळत नाही, आणि परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवावा तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा समोर येतो. दार उघडे आहे, आत दिवा नाही. आपल्या मसुद्यात ‘प्रबंध युनिकोडमध्ये द्यावा’ असे एक वाक्य नसेल, तर शब्द कोणताही निवडला तरी निम्मे काम अपुरे राहील.

जुन्या ग्रंथालयीन अर्थामुळे गोंधळ होईल का, अशी शंका कोणी काढील. इंग्रजीत हा शब्द एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर सरकला, तसा तो मराठीतही सरकू शकतो. कपाटांसाठी ‘खुली कपाटे’ पुरेसे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. मसुद्यात आता पुढीलप्रमाणे लिहिले आहे: ‘विद्यापीठाचे प्रबंध मुक्तद्वार राहतील, म्हणजे कोणासही नाव न नोंदवता व शुल्क न देता ते वाचता, शोधता व उतरवून घेता येतील. प्रबंधाचा प्रताधिकार विद्यार्थ्याकडेच राहील. विद्यार्थ्याने तशी लेखी संमती दिल्यास प्रबंध मुक्तवापरही राहील, म्हणजे लेखकाचे नाव देऊन त्यातील मजकूर, आकृत्या व तक्ते पुढे वापरता येतील.’ युनिकोडचे वाक्य स्वतंत्र कलम म्हणून घातले आहे. इंग्रजीत ज्यांना ‘हरित’ आणि ‘सुवर्ण’ म्हणतात त्या निबंध खुले करण्याच्या दोन मार्गांचे उल्लेख मी काढूनच टाकले. स्वतःची प्रत भांडारात ठेवणे आणि नियतकालिकातच, काही वेळा शुल्क देऊन, निबंध खुला करून घेणे, असे साध्या वाक्यांत लिहिल्यावर रंगांची गरज उरली नाही.

एक शब्द अजून अडला आहे. प्रकाशकाच्या अटीमुळे निबंध काही महिने झाकून ठेवावा लागतो, त्या मुदतीला इंग्रजीत ‘एम्बार्गो’ म्हणतात. ‘निर्बंधकाळ’ लिहिले, तर वाचणाऱ्यांना कोविडची टाळेबंदी आठवली. लिपिकांनी ‘राखीव मुदत’ सुचवली आहे आणि तूर्त तीच ठेवली आहे. तळमजल्यावर आमच्या ‘मुक्तद्वार विभाग’ या पाटीचा रंग उडालेला होताच. ती उतरवून ‘खुली कपाटे’ अशी नवी पाटी रंगवायला दिली आहे.