दीपा कर्माकरचा प्रोदुनोवा आपल्या गावातील मुलींसमोर आदर्श म्हणून ठेवावा का?

धागाकर्ता (क्रीडाशिक्षक, घाटंजी तालुका):
जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर केल्यापासून आमच्या भागातील शिक्षकांत एक वाद सुरू आहे. तिचा प्रोदुनोवा, म्हणजे व्हॉल्ट या उडीच्या साधनावरून मारायची अतिशय अवघड उडी, निव्वळ जिवावर उदार होणे होते, असे अनेकांचे म्हणणे आहे. मला ते मुळीच मान्य नाही. २००६ पासून जिम्नॅस्टिक्समध्ये दहापैकी गुण देण्याची पद्धत गेली आणि काठिण्याचे व सादरीकरणाचे गुण वेगळे देऊन त्यांची बेरीज होऊ लागली. जिला लहानपणी धड साधनेही मिळाली नाहीत, तिने सफाईत अमेरिका-रशियाच्या मुलींना गाठणे जवळपास अशक्य. अवघड उडी निवडून काठिण्यात मात्र ती त्यांच्या पुढे जाऊ शकते. रिओ २०१६ च्या अंतिम फेरीत तिच्या पहिल्या उडीला १४.८६६ आणि प्रोदुनोवाला १५.२६६ गुण मिळाले. सरासरी १५.०६६, कांस्यपदक १५.२१६ वर गेले. सपाट तळपायांची, आगरतळ्यात बिश्वेश्वर नंदींच्या हाताखाली तयार झालेली मुलगी ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, ती या विचारपूर्वक केलेल्या निवडीमुळे. हे आपल्या मुलींना सांगितलेच पाहिजे.

प्रतिसाद (क्रीडाशिक्षिका, दर्यापूर तालुका):
सर, निवड विचारपूर्वक होती हे मान्य; ती आदर्श म्हणून दाखवणे मला अमान्य आहे. प्रोदुनोवात व्हॉल्टवर हात टेकून पुढच्या बाजूने हवेत दोन कोलांट्या घ्यायच्या असतात आणि उतरताना ऐन वेळेपर्यंत जमीन दिसत नाही. फिरकी कमी पडली तर भार मानेवर येऊ शकतो. रिओत या उडीला काठिण्याचे ७.० मिळाले, पण सादरीकरणाचे ८.२६६ च, कारण उतरताना ती जवळजवळ बसलीच होती. तिच्या पायाखाली स्पर्धेची मॅट होती. आमच्याकडे मुली कापसाच्या दोन गाद्या जोडून सराव करतात. धावत येऊन उडी टाकली की गाद्या सरकतात, टाच मधल्या फटीत जाते आणि खाली कोबा असतो. मोबाइलवर प्रोदुनोवा पाहून आलेली मुलगी तिथे काय करून बसेल, याची मला रोज धास्ती असते.

प्रतिसाद (पालक, आर्वी):
उत्तेजक चाचणीबद्दल तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली होती, हे आदर्श ठरवताना कोणीच का बोलत नाही? आम्ही मुलगी सात-आठ वर्षांची असताना तुमच्या हवाली करायची, तर आम्हाला कारकिर्दीची ही बाजूही कळायला हवी.

धागाकर्ता:
ताई, जरूर कळायला हवी. २०२१ मधील नमुन्यात हायजेनामाइन हे बंदी असलेले द्रव्य आढळले, बंदी जुलै २०२३ मध्ये संपली आणि मे २०२४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने ताश्कंदला आशियाई जिम्नॅस्टिक्स अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले. तेथे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. मुलींचा खेळ विशीतच संपतो हे गावोगाव ऐकू येणारे पालुपद त्या एका पदकाने खोटे ठरवले, आणि मला तर ते पदक रिओच्या चौथ्या क्रमांकाहून मोठे वाटते.

प्रतिसाद (क्रीडाशिक्षिका, दर्यापूर तालुका):
मग सर, मुलींना तेच पदक दाखवा! २०१७ च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिने प्रोदुनोवा बाजूला ठेवला आणि २०१८ मध्ये तुर्कीतील मेर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये सुवर्ण मिळवले. आपल्याकडे दोरीचा मल्लखांब आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि त्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. सुरुवात तिथूनच व्हावी.

धागाकर्ता:
मॅडम, मल्लखांबाने पकड, लवचीकता आणि पोटाची ताकद येते. धावत येऊन उडी टाकणे आणि दोन्ही पायांवर स्थिर उतरणे त्यातून येत नाही; त्यासाठी वेगळाच सराव लागतो. तो सराव नाही म्हणूनच आपल्या मुली जिल्हास्तरावर मागे पडतात.

प्रतिसाद (क्रीडाशिक्षिका, दर्यापूर तालुका):
तो सराव गादीवर नको, एवढेच माझे म्हणणे आहे. तालुका क्रीडा संकुलात फोमचा खड्डा आणि जाड मॅट द्या, असा अर्ज आपण दोघांनीही करू. तोवर माझ्या शाळेत दुहेरी कोलांटी होणार नाही, मग जिल्ह्याचे पदक गेले तरी चालेल.