रोज येणारा ‘विशेष पाहुणा कलाकार’

कोरांटी

जुन्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकांवरील एका लेखमालेचा मी सध्या मराठी अनुवाद करीत आहे आणि कथेत कुठेही न अडता नेमकी श्रेयनामावलीत अडले आहे. ‘लॉस्ट इन स्पेस’ (१९६५ ते १९६८) या मालिकेत जोनाथन हॅरिस हे डॉ. स्मिथची भूमिका करीत. मालिकेच्या पहिल्या नमुना-भागात हे पात्रच नव्हते. ते नंतर घातले गेले, तोवर बाकीच्या कलाकारांच्या नावांचा क्रम त्यांच्या करारांतून ठरून गेला होता. वरची जागा मिळणार नाही हे दिसताच हॅरिस यांनी सर्वांत शेवटची जागा आणि ‘स्पेशल गेस्ट स्टार’ हे बिरुद मागून घेतले, आणि पुढे तीनही हंगाम या ‘पाहुण्यां’नीच मालिका खांद्यावर वाहिली. मी ‘विशेष पाहुणा कलाकार’ असे लिहिले. संपादकांचे म्हणणे असे की, हे वाचून गृहस्थ एका भागापुरते येऊन गेले असे वाटते, म्हणून ‘अतिथी कलाकार’ करावे. मला तर दोन्हींत काहीच फरक दिसत नाही. शिवाय पुढे ‘डॉ. स्मिथ म्हणून’ असे लिहावे की ‘डॉ. स्मिथच्या भूमिकेत’, हाही प्रश्न आहेच.

पूर्वरंग

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : ‘म्हणून’ नको. ‘तो पाहुणा म्हणून आला’ हे वाक्य ठीक आहे, कारण तेथे क्रियापद आहे. नुसत्या नावापुढे ‘म्हणून’ टांगले की वाचक पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो. आपल्या छापील नाटकांच्या आरंभी पहिल्या प्रयोगाची यादी असते, ती पाहावी. डावीकडे पात्र, उजवीकडे नट आणि मध्ये टिंबांची ओळ. तेथे एकाही शब्दाची गरज भासत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की आपल्या यादीत पात्र आधी येते आणि नट नंतर, तर अमेरिकी मालिकांच्या आरंभी नटाचे नाव आधी येते आणि पात्र असलेच तर मागून. माझ्या मते हा केवळ मांडणीचा फरक नसून नाटक कोणाचे, नाटककाराचे की नटाचे, याविषयीचा फरक आहे. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार कालिदासाचे आणि नाटकाचे नाव सांगतो, पण शकुंतला कोण करणार आहे हे सांगत नाही.

अडकित्ता

मूळ प्रश्नाकडे येतो. ‘अतिथी’ तर मुळीच चालणार नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी फोड परंपरेने सांगितली जाते, आणि चित्रीकरणाच्या धंद्यात तर कलाकार ‘तारखा देऊन’ येतो. ज्याने तारखा दिल्या आहेत, तो अतिथी कसा? ‘पाहुणा’ हा त्या मानाने मोकळा शब्द आहे. तो ‘प्राघूर्णक’पासून प्राकृतातील ‘पाहुण’मार्गे आला असे मानतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे तर वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालाही ‘काय पाव्हणं’ असे विचारतात. राहता राहिले तीन वर्षे मुक्काम ठोकलेले डॉ. स्मिथ. त्यांना माझ्या मते ‘घरजावई कलाकार’ म्हणावे, कारण मानपान पाहुण्याचा आणि वास्तव्य कायमचे, ही दोन्ही लक्षणे त्याच शब्दात एकत्र सापडतात.

तिसरी घंटा

अडकित्ता यांचा विनोद मान्य, पण व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू लागलो तर सगळी श्रेयनामावली फाडून टाकावी लागेल. ‘नेपथ्य’ हाच शब्द घ्या. संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ म्हणजे पडद्याआड, आणि नेपथ्य म्हणजे नटाचा वेष किंवा वेष करण्याची जागा. मराठीत आपण ‘नेपथ्य’ या शीर्षकाखाली घराच्या भिंती, जिने आणि खिडक्या उभारणाऱ्याचे नाव लिहितो, वेषासाठी ‘वेशभूषा’ असा वेगळा शब्द वापरतो आणि मूळ अर्थावाचून कोणाचेही अडत नाही.

मी मालिकांच्या निर्मितीत काम केले आहे. तेथे कोणीही ‘श्रेयनामावली’ म्हणत नाही, ‘टायटल्स’ म्हणतात, आणि कोणाचे नाव कोठे पडणार यावर जितकी घासाघीस होते तितकी मानधनावरही होत नाही. एका दैनंदिन मालिकेत एक ज्येष्ठ अभिनेत्री काही भागांपुरत्या आल्या होत्या. नावांच्या कागदावर त्यांच्यासाठी प्रथम ‘पाहुणी कलाकार’ असे लिहिले होते, ते खोडून ‘विशेष भूमिका’ झाले, आणि शेवटी बाईंनी दोन्ही खोडायला लावून फक्त ‘आणि’ मागितले. नामावलीच्या तळाशी, एकटे नाव, त्याच्या वर ‘आणि’. हिंदी चित्रपटांत प्राण यांचे नाव असेच सर्वांत शेवटी ‘आणि’ लावून येत असे. ती खूण इतकी पक्की झाली की त्यांच्या चरित्राचे शीर्षकही तीच झाली. सांगायचे ते हे की ही सारी बिरुदे अर्थासाठी नसून मानासाठी असतात. ‘मेलरोज प्लेस’ या अमेरिकी मालिकेत अभिनेत्री हेदर लॉकलिअर १९९३ मध्ये थोड्या भागांसाठी आल्या आणि १९९९ मध्ये मालिका संपेपर्यंत ‘स्पेशल गेस्ट स्टार’च राहिल्या. तेथील प्रेक्षकांना हे खटकत नव्हते, तर आपल्या वाचकाला का खटकावे? ‘विशेष पाहुणा कलाकार’ हेच ठेवा आणि एक तळटीप द्या.

मुळाक्षर

‘टायटल्स’ म्हणतात म्हणून तेच लिहायचे, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही, परंतु ‘श्रेयनामावली’ हा शब्दही निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगले, कल्याणकारक. कठोपनिषदात श्रेय (हिताचे) आणि प्रेय (आवडीचे) अशी जोडी आहे, आणि तेथे कोणाचे नाव पाटीवर लावण्याचा संबंध नाही. पण आपल्या पूजाविधीत एक श्रेयोदान असते. यजमानासाठी अनुष्ठान केल्यावर आचार्य पाणी, अक्षता आणि सुपारी यजमानाच्या हातावर सोडून त्या कर्माचे श्रेय त्याला देतात. म्हणजे जप केला गुरुजींनी आणि श्रेय गेले दक्षिणा देणाऱ्याला. माझी अशी समजूत आहे की ‘श्रेय देणे’ या वाक्प्रचाराचे मूळ येथेच शोधावे. या अर्थाने पाहिले तर खरे श्रेय सुरुवातीला मोठ्या अक्षरांत झळकणाऱ्या निर्मात्याचेच, आणि कलाकारांची असते ती केवळ नामावली.

पूर्वरंग

मुळाक्षर यांची व्युत्पत्ती रंजक आहे, परंतु ‘श्रेय’ या शब्दाला केलेल्या कामाचे माप हा अर्थ आता इतका चिकटला आहे की तो सुपारीसकट सोडवता येणार नाही. कलाकारांना श्रेय नाकारायचेच असेल, तर त्याची चांगली रीत ‘गिलिगन्स आयलंड’ या मालिकेने १९६४ साली घालून दिली होती. शीर्षकगीतात बेटावर अडकलेल्या सात जणांपैकी पाच जणांचा उल्लेख करून प्रोफेसर आणि मेरी अ‍ॅन यांना ‘आणि बाकीचे’ यात गुंडाळले होते. दुसऱ्या हंगामात गीत बदलून त्या दोघांना जागा मिळाली. आपल्या नाटकांच्या जाहिरातीतील ‘आणि इतर’ मात्र अजून शाबूत आहे.

कोरांटी

सर्वांचे आभार. तळटीप देता येणार नाही, कारण लेखमालेत जागा मोजून आहे, त्यामुळे शब्दच हवा आहे. ‘घरजावई’ संपादकांना दाखवण्याचे धैर्य माझ्यात नाही. दरम्यान त्याच लेखमालेत नवीन पेच आला आहे. ‘फ्रेंड्स’ (१९९४) मधील सहाही कलाकार समान दर्जाचे होते, म्हणून त्यांची नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने येतात, असे मूळ लेखात म्हटले आहे आणि पुढे यादी आहे : अ‍ॅनिस्टन, कॉक्स, कुड्रो, लेब्लांक, पेरी, श्विमर. हीच यादी मराठीत लिहिली की वर्णानुक्रम कोठे उरतो? कुड्रो कॉक्सच्या आधी यायला हव्यात आणि पेरी लेब्लांकच्या आधी.

अडकित्ता

मग क्रम बदला. वर्णानुक्रम म्हणायचे आणि इंग्रजी लिपीचा पाळायचा, हे मराठी वाचकाला कोडे घालण्यासारखे आहे.

तिसरी घंटा

मुळीच बदलू नका. तो क्रम म्हणजे पडद्यावर जे दिसले त्याची नोंद आहे. तो बदलणे म्हणजे कलाकारांचा करार परस्पर बदलणे.

मुळाक्षर

मराठीत वर्णानुक्रम लावायचाच, तर तो आडनावाने का? आपल्याकडे जाहिरातीत आणि बोलण्यात पहिले नाव आधी येते. त्या न्यायाने यादी कोर्टनी, जेनिफर, डेव्हिड, मॅट, मॅथ्यू, लीसा अशी होते आणि अ‍ॅनिस्टनबाईंचे पहिले स्थान जाते.

पूर्वरंग

ग्रंथालयांच्या तालिकेत आणि सूचीत मराठी लेखक आडनावानेच लावतात, त्यामुळे येथेही आडनावच धरावे. फक्त अ‍ॅनिस्टनमधला ‘अ‍ॅ’ अकाराखाली घ्यायचा की एकाराखाली, हे आधी ठरवावे लागेल. जुनी सवय ‘ए’ची आहे.

अडकित्ता

तो कोठेही घेतला तरी त्या ‘क’च्या आधीच राहतात. तेव्हा त्यासाठी वेगळा धागा काढा.