होनोलुलू ते काहुलुई, १६० किमीला ४० मिनिटं का?

वर विचारलंय की अमेरिकेच्या हवाई बेटांमधलं होनोलुलू ते माउई बेटावरचं काहुलुई हे अंतर जेमतेम १६० किमी, जेट ताशी ८०० ने जातं, मग १२ मिनिटांत पोचायला हवं, तिकिटावर ४० मिनिटं कशी? अहो तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, म्हणजे विमान गेटपासून मागे ढकलणं, टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून रनवेपर्यंत जाणं), रनवेसाठी थांबणं सगळं त्यातच धरलेलं, हवेत विमान साधारण अर्ध्या तासाच्या आतच असतं. आणि ८०० चा वेग इतक्या छोट्या पल्ल्यात फार वेळ मिळतच नाही, वर चढून होतंय तोवर उतरायला सुरुवात, शिवाय तिथे १० हजार फुटांच्या खाली २५० नॉट म्हणजे ताशी ४६० किमीच्या वर जाता येत नाही.

दुसरं म्हणजे सरळ रेषेत कोणी जात नाही. तिकडे बहुतेक दिवस ईशान्येचे व्यापारी वारे असतात आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, त्यामुळे माउईला वळसा घालून दक्षिणेकडून आत शिरतात, डावीकडे पश्चिम माउईचे डोंगर, उजवीकडे हालेआकाला ज्वालामुखीचा प्रचंड उतार आणि मधल्या सखल पट्टीवरून विमान खाली येतं. खिडकीची जागा नक्की घ्या, खरंच सांगते.

आणि खूपच कमी अंतराचं उड्डाण बघायचं असेल तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे बघा, फक्त २.७ किमी, १९६७ पासून चालू, वेळापत्रकात २ मिनिटं आणि वारा पाठीशी असताना ५३ सेकंदांत पण झालंय! तिथे आयलँडर नावाचं छोटं पंख्यांचं विमान असतं, जेटचं काम नाही ते.