मनोरीच्या जागेत ट्रॅक्टरने लोखंडी अँगल बसवताना खड्डा घ्यावा की अँगल थेट दाबावेत?

बोरिवलीकर:
नमस्कार. मनोरीला आमची वडिलोपार्जित ३० गुंठे जागा असून तिच्याभोवती सुमारे २२० मीटर लांबीचे काटेरी तारेचे कुंपण घालायचे आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने ४० × ४० × ५ मिलिमीटरचे अँगल ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरने जमिनीत दाबून बसवले होते. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यांवरचे अँगल आत कलले, तारा सैल पडल्या आणि गुरांनी आमची आंब्याची सगळी कलमे खाऊन टाकली. ती कलमे आईने स्वतः लावली होती, त्यामुळे या वेळी काम पक्के व्हावे अशी मनापासून इच्छा आहे. भाईंदर-उत्तनमार्गे खड्डे घेण्याचे यंत्र लावलेला ट्रॅक्टर येऊ शकतो. जागेच्या वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला वाळू आहे. किती व्यासाचे गिरमिट मागावे आणि प्रत्येक अँगलला काँक्रीट करावे का?

यंत्रशाळा:
आपले कुंपण कोपऱ्यांमुळे पडले, असे मला वाटते. मधल्या अँगलवर दोन्ही बाजूंनी सारखा ताण येत असल्याने ते फक्त तारेला आधार देतात. कोपऱ्यावरचा अँगल मात्र दोन दिशांनी आत ओढला जातो. म्हणून कोपऱ्यांना ५० × ५० × ६ चे अँगल घ्या, प्रत्येकाला कुंपणाच्या दोन्ही रेषांत एकेक तिरका टेकू जोडा आणि टेकूचा पायही काँक्रीटमध्ये बसवा. लांब सरळ ओळीत साधारण दर ३० मीटरवर असाच टेकूचा अँगल हवा.

मधल्या अँगलसाठी ९ इंची गिरमिट पुरेसे आहे. ९ इंच व्यासाच्या आणि २ फूट खोल खड्ड्यात सुमारे २५ लिटर काँक्रीट मावते, तर १२ इंचीत जवळजवळ ४४ लिटर. अडीच मीटरच्या अंतराने आपल्याला ९० च्या आसपास अँगल लागतील, तेव्हा हा फरक खर्चात चांगलाच जाणवेल. मुरमाच्या बाजूला मधले अँगल काँक्रीटशिवायही चालतील, मात्र दगड आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत घालून प्रत्येक थर पहारीने नीट ठोकला पाहिजे. वाळूच्या बाजूला सर्वांना काँक्रीट करा.

चालकाला एक गोष्ट आवर्जून सांगा. गिरमिट एका दमात खाली सोडू नये. अर्धा फूट उतरले की वर उचलून माती झाडावी, नाहीतर ते स्क्रूसारखे जमिनीत रुतते आणि मग पीटीओ (इंजिनाची ताकद गिरमिटाला देणारा ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट) बंद करून मोठ्या पान्याने उलटे फिरवून काढावे लागते. दगड लागला की गिरमिटाला जोडणारा मऊ शिअर बोल्ट तुटतो, आणि तो तुटण्यासाठीच असतो. त्याच्या जागी कडक पोलादी बोल्ट घातल्यास पुढचा धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो.

खाडीकाठ:
वरील सल्ल्याला समुद्रकाठच्या अनुभवाची जोड देतो. आमच्याकडे अँगल गंजतात ते जमिनीच्या पातळीलाच, कारण तेथे ओलावा, क्षार आणि हवा एकत्र येतात. म्हणून गरम जस्ताचा मुलामा दिलेले अँगल घ्या, आणि काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून त्याला चहूबाजूंनी बाहेर उतार द्या, म्हणजे पाणी अँगलभोवती साचणार नाही. काँक्रीटसाठी किनाऱ्यावरची रेती किंवा मचूळ विहिरीचे पाणी वापरू नका. त्यातील क्लोराइड आतल्या लोखंडाला खाते. वाळूत खड्ड्याच्या कडा ढासळतात, तेव्हा गिरमिट काढताच प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा आत उतरवून त्यातच काँक्रीट ओता.

आणखी एक. खालच्या अंगाला कांदळवन असेल तर आधी हद्दीची मोजणी करून घ्या, कारण त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाची मनाई आहे.

यंत्रशाळा:
सुरक्षिततेचे लिहायचे राहिले, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. गिरमिट खाली जात नाही म्हणून यंत्राच्या दांड्यावर माणूस उभा करण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती कटाक्षाने टाळा. फिरणारा पीटीओ शाफ्ट गमछा किंवा सदऱ्याची बाही क्षणात गुंडाळून घेतो, म्हणून त्यावरचे आवरण जागेवर असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

बोरिवलीकर:
आपण दोघांचे मनःपूर्वक आभार. मोजणीचा अर्ज आधी करतो. काँक्रीट केल्यावर तार किती दिवसांनी ताणावी?

यंत्रशाळा:
किमान सात दिवस थांबा आणि तोवर रोज पाणी मारा. आधी कोपरे आणि टेकू पूर्ण करा, त्यांच्यात दोरी ताणून मधल्या खड्ड्यांच्या खुणा करा आणि प्रत्येक अँगल ओळंब्याने तपासूनच काँक्रीट ओता. मेच्या मध्यापर्यंत हे उरकल्यास जूनच्या पावसाआधी तार ताणायला पुरेसा वेळ मिळेल.