जागतिकीकरणात राज्यसंस्था मागे हटली, की तिचे काम बदलले?

कृष्णाकाठ (प्रश्न):
नमस्कार. पदव्युत्तर वर्गात आम्हाला असे शिकवले जाते की १९९१ नंतर सरकारने अर्थव्यवस्थेतून अंग काढून घेतले आणि सूत्रे बाजाराच्या हाती दिली. बहुतेक उद्योगांसाठी परवान्याची अट गेली, आयातशुल्क उतरत गेले, सरकारी कंपन्यांचे समभाग विकले गेले, हे मान्यच आहे. परंतु त्याच दशकात, म्हणजे १९९२ साली, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला वैधानिक अधिकार मिळाले आणि १९९७ साली दूरसंचार क्षेत्रासाठी ट्राय ही नियामक संस्था स्थापन झाली. मग राज्यसंस्था मागे हटली असे कसे म्हणायचे? शिवाय भांडवल क्षणार्धात सीमा ओलांडत असताना मध्यम आकाराच्या देशाच्या सरकारच्या हाती नेमके काय उरते? जाणकारांनी उदाहरणासह सांगावे.

अर्थवेध:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मलेशियाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन बाथ तरते सोडले, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला, आणि पाहता पाहता सगळ्या आग्नेय आशियातून परकीय पैसा बाहेर पडू लागला. थायलंड, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे धाव घेतली व त्याच्या अटी स्वीकारल्या. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी मात्र सप्टेंबर १९९८ मध्ये वेगळी वाट धरली. रिंगिट या मलेशियाच्या चलनाचा दर एका डॉलरला ३.८० असा बांधून टाकला, देशाबाहेर चालणारा रिंगिटचा व्यवहार थांबवला आणि शेअर बाजारात आलेला परकीय पैसा बारा महिने बाहेर नेण्यास मनाई केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कारखान्यांत गुंतलेल्या दीर्घ मुदतीच्या परकीय भांडवलाला, त्याच्या नफ्याला आणि आयात-निर्यातीच्या देण्याघेण्याला त्यांनी हात लावला नाही. दार सरसकट बंद केले नव्हते. कोणता पैसा केव्हा बाहेर जाईल, एवढेच सरकारने स्वतःच्या हाती ठेवले होते. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये मनाईच्या जागी कर आला आणि बांधलेला दर जुलै २००५ पर्यंत टिकला. त्या वेळी या धोरणावर सडकून टीका झाली, पण काही परिस्थितीत असे निर्बंध योग्य ठरू शकतात, हे २०१२ साली खुद्द नाणेनिधीने मान्य केले. माझ्या मते राज्यसंस्थेची ताकद मोजायची ती तिने किती क्षेत्रे ताब्यात ठेवली यावरून नव्हे, तर नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी हस्तक्षेप करण्याची तिची क्षमता किती आहे यावरून.

तटस्थ:
अर्थवेध यांच्या मांडणीत एक अडचण राहते. १९९९ साली मलेशियाची वाढ सुमारे ६ टक्के झाली, तर नाणेनिधीच्या अटी पाळणाऱ्या दक्षिण कोरियाची १० टक्क्यांहून अधिक. त्यामुळे मलेशिया सावरला तो निर्बंधांमुळेच, असे ठामपणे म्हणता येत नाही. अर्थात कोरियातही बँकांची बुडीत कर्जे विकत घेण्याचे आणि त्यांच्यात भांडवल ओतण्याचे काम सरकारनेच केले होते, म्हणजे तेथेही राज्यसंस्था बाजूला उभी नव्हती.

निफाडकर:
आपण सगळे संकटकाळाबद्दल बोलत आहात. मला रोजच्या हस्तक्षेपाबद्दल सांगावेसे वाटते, कारण आमच्या नाशिक जिल्ह्यात जागतिक बाजार आणि सरकार यांची गाठ कांद्याच्या लिलावात पडते. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. डिसेंबरात निर्यातबंदीच केली. मे २०२४ मध्ये बंदी उठवली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावात निर्यात करता येत नाही) ठरवले आणि ४० टक्के शुल्कही लावले. सप्टेंबरात किमान मूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले आणि अखेर १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द केले. डिसेंबरचा आघात सर्वांत जिव्हारी लागला, कारण त्या वेळी बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही, त्यामुळे पडलेल्या भावातही विकण्यावाचून गत्यंतर नसते. बंदीची अधिसूचना निघाली ७ डिसेंबरला आणि ती लागू झाली दुसऱ्या दिवशी.

शहरातील ग्राहकाला कांदा परवडावा, हे सरकारचे कर्तव्यच आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु त्याचा सगळा भार उत्पादकावर का? बांगलादेश, श्रीलंका, आखाती देश येथील आयातदारांना आपला माल मिळेनासा झाला की ते पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळतात आणि एकदा तुटलेले गिऱ्हाईक शुल्क उठले म्हणून लगेच परत येत नाही. म्हणून कृष्णाकाठ, आपल्या प्रश्नात मी एवढी भर घालीन की सरकारच्या हाती किती अधिकार उरले हे जसे पाहायचे, तसेच ते कोणत्या नियमाने आणि किती आधी सूचना देऊन वापरले जातात, हेही पाहावे. भाव अमुक पातळीवर गेल्यास अमुक शुल्क लागेल, असे पेरणीपूर्वीच जाहीर झाले असते, तर किती क्षेत्रावर कांदा लावायचा याचा हिशेब शेतकऱ्याला आधीच करता आला असता.